शाळेची भाषा आणि देवळाची भाषा

वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यात रोहणा नावाचे गाव आहे. भोवती काळ्या मातीची शेते, त्यांत कापूस, तूर आणि सोयाबीन. पश्चिमेकडे वर्धा नदी आणि नदीपलीकडे अमरावती जिल्हा. अशा गावातील एखाद्या मुलाच्या मागोमाग दिवसभर हिंडले, तर एक गंमत दृष्टीस पडते. सकाळी तो आजीजवळ तांब्याभर ‘पानी’ मागतो. शाळेत फळ्यावर तोच शब्द ‘पाणी’ असा लिहिला जातो. विज्ञानाच्या तासाला त्याचे ‘जल’ होते. जलचक्र, जलसंधारण, जलप्रदूषण असे शब्द त्याच्या वहीत उतरतात. संध्याकाळी तो देवळात जातो, उजव्या हाताचा तळवा पुढे करतो आणि पुजारी पळीने त्यावर जे घालतो त्याला म्हणतात ‘तीर्थ’. विहीर एकच, पाणीही एकच. नावे मात्र चार झाली.

अन्नाचेही तसेच आहे. घरी ‘जेवण’, पाठ्यपुस्तकात ‘आहार’, देवापुढे ठेवले की ‘नैवेद्य’ आणि देवापुढून परत आले की ‘प्रसाद’. घरातील पोळी देवापर्यंत जाऊन परत येईपर्यंत तिच्यात पदार्थ म्हणून काहीही बदल झालेला नसतो. परंतु तिला हाताळणाऱ्या माणसाच्या मनात बदल झालेला असतो, आणि शब्द तो बदल सांगतो. कोणी प्रसादाला ‘आहार’ म्हटले, तर अर्थ चुकणार नाही, तथापि ऐकणाऱ्याला ते खटकेल. उलट, आहारशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत कोणी ‘प्रसादातील जीवनसत्त्वे’ असे लिहिले, तर गुरुजी हसतील.

असे का व्हावे? एकाच भाषेने स्थळ पाहून वेगळा पोशाख का करावा? शाळेचे कारण प्रथम पाहू. ते समजण्यास सोपे आहे.

शास्त्राला शब्दाचा एकच अर्थ हवा असतो. घरी आपण ‘काम’ हा शब्द कसाही वापरतो. डोक्यावर कापसाचे जड गाठोडे घेऊन एखादा माणूस अर्धा तास बैलगाडीची वाट पाहत उभा राहिला, तर तो घामाघूम होतो आणि त्याने काम केले नाही असे म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही. पण भौतिकशास्त्र म्हणते, त्याने गाठोड्यावर केलेले ‘कार्य’ शून्य आहे. कारण बल लावूनही गाठोडे जागचे हलले नाही. हे त्या माणसाच्या कष्टांचा अपमान करण्यासाठी म्हटलेले नसते. शास्त्राने ‘कार्य’ या शब्दाला एक ठराविक माप दिले आहे आणि ते माप सर्वांनी सारखेच वापरावे एवढीच त्याची अट असते. ‘वजन’ आणि ‘वस्तुमान’ या शब्दांचीही हीच गोष्ट. बाजारात दोन्ही एकच; परंतु चंद्रावर गेलेल्या माणसाचे वजन पृथ्वीवरील वजनाच्या सुमारे एक षष्ठांश भरते आणि वस्तुमान मात्र तेवढेच राहते. दोन निराळ्या गोष्टींना दोन निराळे शब्द नसतील, तर हा विचार मनात मांडताच येणार नाही.

देवळाची गोष्ट याहून निराळी आहे. तेथे शब्दाचे काम माप सांगण्याचे नाही. तेथे माणूस आपल्याहून मोठ्या कोणाशी तरी बोलत असतो, आणि बहुधा तो एकटा नसतो. त्याच्याबरोबर सारे गाव बोलत असते. म्हणून तेथील भाषा पाठ करण्याजोगी, तालावर म्हणता येण्याजोगी असते, आणि ती फार सावकाश बदलते. आज बोलताना कोणी ‘मज’, ‘तुज’, ‘जाण’ असे म्हणत नाही. पण आरतीत आणि अभंगांत ही रूपे शेकडो वर्षे टिकून आहेत. आजोबा जसे म्हणत तसेच नातवाने म्हणावे, यात भक्ताला समाधान असते.

या भाषेत आणखी एक विशेष आहे, आणि तो आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की सहसा लक्षात येत नाही. शाळेत आपण गुरुजींना ‘तुम्ही’ म्हणतो, पाहुण्यांना ‘आपण’ म्हणतो. पण देवाला काय म्हणतो? ‘तू’! विठ्ठलाला ‘अहो विठ्ठलराव’ असे कोणी हाक मारीत नाही. ज्याला सर्वांत मोठे मानायचे त्याच्याशी मराठी माणूस एकेरीत बोलतो. हा उद्धटपणा नव्हे. घरात आईलाही आपण ‘तू’च म्हणतो, आणि विठ्ठलाला वारकरी ‘माउली’ म्हणतात. आदराची एक पायरी अशी आहे की तेथे आदरार्थी बहुवचन गळून पडते.

पाठांतराची सवय मात्र दुधारी असते. गणपतीच्या आरतीत ‘फणिवर’ असा एक शब्द येतो. फणी म्हणजे नाग, फणिवर म्हणजे श्रेष्ठ नाग. तो ज्याने कमरेला बांधला आहे, अशा देवाला तेथे वंदन आहे. पण अर्थ ठाऊक नसल्यामुळे कित्येक मुले, आणि काही मोठी माणसेही, तेथे खुशाल ‘फळीवर’ असे म्हणतात. टाळ्यांच्या गजरात ते कोणाच्या ध्यानात येत नाही.

यावरून देवळाला हसण्याचे मात्र कारण नाही, कारण शाळेतही असे मंत्र आहेत. ‘बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा’ हे आपण पहिली-दुसरीपासून एका सुरात म्हणतो. आता ‘बे’ म्हणजे दोन हे खरे. पण दुकानात जाऊन कोणी ‘बे पेन्सिली द्या’ असे म्हणतो का? दुणे, त्रिक, चोक, पंचे ही रूपे पाढ्यांबाहेर फारशी कोठे भेटत नाहीत. पूर्वी मुलांना पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी आणि औटकीही पाठ असत. औट म्हणजे साडेतीन. ती मोजदाद व्यवहारातून गेली, पण ‘औटघटकेचे राज्य’ या शब्दांत औट अजून उरला आहे. पाढे म्हणणारा वर्ग आणि प्रार्थना म्हणणारे देऊळ यांचा दुरून येणारा आवाज जवळपास सारखाच असतो.

आणि हे सारखेपण केवळ आवाजाचे नाही. शाळा ही धर्माच्या अंगणातच वाढली. तिचे शब्द त्याची साक्ष देतात. महाविद्यालयाची पदवी घेतलेल्यास आपण ‘स्नातक’ म्हणतो. स्नातक म्हणजे ज्याने स्नान केले आहे तो. प्राचीन काळी गुरुगृही अध्ययन पुरे झाले की शिष्य विधिपूर्वक स्नान करून घरी परतत असे. त्यावरून हा शब्द आला. पदवीदानाच्या समारंभाला ‘दीक्षान्त’ समारंभ म्हणतात, त्यात ‘दीक्षा’ आहे. ‘विद्यापीठ’ यातील पीठ, ‘कुलगुरू’ यातील गुरू, पुस्तकाचे ‘अध्याय’, हे सारे शब्द त्याच अंगणातले. युरोपातही असेच घडले. तेथील विद्यापीठांत पदवी घेताना जे पायघोळ झगे घालतात, ते मध्ययुगातील धर्मगुरूंच्या वेषावरून आले आहेत. आणि चर्चची लॅटिन भाषा हीच शतकानुशतके विद्यापीठांचीही भाषा होती. न्यूटनने आपला गतीच्या नियमांचा ग्रंथ १६८७ साली लॅटिनमध्येच प्रसिद्ध केला.

येथवर सर्व ठीक आहे. प्रत्येक स्थळाची भाषा वेगळी असावी, यात वावगे काही नाही. परंतु या वेगळेपणाची कधी कधी भिंत होते. देवापुढे काय म्हटले जात आहे किंवा वर्गात काय शिकवले जात आहे हे काही थोड्यांनाच कळावे, आणि उरलेल्यांनी नुसते हात जोडून किंवा माना डोलवून बसावे, अशी स्थिती येते. ही भिंत पाडण्याचे काम वर्धा नदीच्या दोन्ही तीरांवर झालेले आहे, आणि त्यांतील पहिले काम सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वीचे आहे.

रोहण्याकडून नदी ओलांडून अमरावती जिल्ह्यात गेले, की मोर्शी तालुक्यात रिद्धपूर लागते. महानुभाव पंथाचे हे मोठे क्षेत्र. या पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी हे मूळचे गुजरातचे. तेराव्या शतकात त्यांनी महाराष्ट्रभर फिरून उपदेश केला, तो मराठीत. त्या काळी धर्माचा आणि तत्त्वज्ञानाचा विचार संस्कृतात मांडण्याची रीत होती. चक्रधरस्वामी ज्यांच्याशी बोलत त्यांत विद्वान होते, तसे शेतकरी होते, गुराखी होते, आणि स्त्रियाही पुष्कळ होत्या. त्यांच्यामागून त्यांच्या आठवणी म्हाइंभट यांनी ठिकठिकाणी फिरून, ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या त्यांना विचारून गोळा केल्या. इ. स. १२७८ च्या सुमारास सिद्ध झालेला हा ‘लीळाचरित्र’ ग्रंथ मराठी गद्यातील आद्य ग्रंथ मानला जातो. याच परंपरेतील महदंबा ही मराठीची आद्य कवयित्री. तिचे ‘धवळे’ म्हणजे लग्नात गावयाची गीते.

चक्रधरस्वामींच्या नंतर पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. त्यांच्या शिष्यांत केशिराजव्यास नावाचे मोठे पंडित होते. संस्कृतावर त्यांचे प्रभुत्व होते, तेव्हा पंथाचे तत्त्वज्ञान आपण संस्कृतात लिहावे असे त्यांना वाटले. नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले. त्यांचे म्हणणे असे की, असे केल्याने माझ्या म्हाताऱ्या बायका वंचित होतील. शास्त्र चुकेल, व्याकरण बिघडेल किंवा पंडित रागावतील असे कोणतेही कारण त्यांनी दिले नाही. ज्यांना कोणी शाळेत घातले नव्हते, ज्यांच्यासाठी कोणी ग्रंथ लिहीत नव्हते, त्या वृद्ध स्त्रियांना कळेल काय, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

पण इतिहास सरळ रेषेत चालत नाही. ज्या पंथाने म्हाताऱ्यांसाठी मराठी धरली, त्याच पंथाने पुढे चौदाव्या शतकात आपले ग्रंथ ‘सकळ’ नावाच्या सांकेतिक लिपीत लिहिण्यास सुरुवात केली. या लिपीत नेहमीच्या अक्षराच्या जागी दुसरेच ठरलेले चिन्ह येते. किल्ली ठाऊक नसेल त्याला एक ओळही वाचता येत नाही. पवित्र ग्रंथ परक्या हाती पडू नयेत, त्यांची हेळसांड होऊ नये, ही त्यामागील भावना असावी. परिणाम मात्र असा झाला की, सर्वांना समजावी म्हणून निवडलेली मराठी मठांतील पेट्यांत बंद झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केला आणि पुढे नागपूरचे ह. ना. नेने यांच्यासारख्या अभ्यासकांनी हे ग्रंथ छापून लोकांपुढे आणले. म्हणजे भाषा सोपी असली तरी तेवढ्याने दार उघडे राहतेच असे नाही; लिपीनेही कुलूप घालता येते. आता त्याच रिद्धपुरात महाराष्ट्र शासनाने २०२३ च्या कायद्यान्वये मराठी भाषेचे स्वतंत्र विद्यापीठ स्थापन केले आहे.

हा प्रश्न एकट्या महानुभावांचा किंवा एकट्या हिंदू धर्माचा नव्हे. भगवान बुद्धांनी आपली वचने वैदिक छंदांत बांधू दिली नाहीत. ज्याने त्याने ती आपापल्या बोलीत शिकावी असे सांगितले. जर्मनीत मार्टिन ल्यूथरने १५२२ साली नवा करार जर्मन भाषेत आणला, तेव्हा त्याच्याही डोळ्यांसमोर बाजारातली साधी माणसे होती. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मोपदेशकाने १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ हा ओवीबद्ध ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला. तथापि रोमन कॅथॉलिक चर्चमधील मुख्य उपासना लॅटिनमधून लोकभाषांत येण्यास १९६० नंतरची वर्षे उजाडावी लागली. श्रीगोंद्याचे शेख महंमद हे जन्माने मुसलमान. त्यांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि दिली, तेव्हा त्रिशरण आणि पंचशील पाली भाषेत झाले, पण बावीस प्रतिज्ञा त्यांनी लोकांकडून मराठीतून म्हणवून घेतल्या. प्रतिज्ञा ही घेणाऱ्याला कळलीच पाहिजे. न कळलेल्या शब्दांनी माणूस बांधला जात नाही. पालीतील शब्दांचे मोल यामुळे कमी होत नाही. लंकेतील, ब्रह्मदेशातील आणि विदर्भातील बौद्ध माणूस ते सारख्याच शब्दांत म्हणतो, आणि त्यामुळे त्या सर्वांना आपण एक आहोत असे वाटते. अरबीतील नमाजाचे व संस्कृतातील मंत्रांचेही तेच. जुन्या पवित्र भाषेला तिचे स्थान आहे. फक्त तिच्या शेजारी अर्थ सांगणारी घरची भाषा बसलेली असावी लागते.

आता नदीच्या अलीकडच्या तीरावर, वर्धा जिल्ह्यातच येऊ. विनोबा भावे यांची आई रुक्मिणीबाई बडोद्यास राहत असे. ती भाविक होती; पण तिला संस्कृत येत नव्हते. गीतेवरील प्रवचन ऐकून ती एकदा विनोबांना म्हणाली की, संस्कृत गीता कळत नाही, मराठीतली एखादी आणून दे. विनोबांनी वामनपंडितांची समश्लोकी आणून दिली. ती गीता मराठीत होती खरी. परंतु त्या मराठीतही संस्कृत शब्द एवढे दाटलेले होते की आईला तीही अवघड वाटली. तेव्हा ती म्हणाली, मग तूच का नाही सोप्या मराठीत लिहीत? तुला ते जमेल.

मुलाला ते एकदम जमले नाही. १९१८ साली आई वारली. विनोबा तोवर गांधीजींच्या आश्रमात गेले होते, आणि १९२१ पासून वर्धा ही त्यांची कर्मभूमी झाली होती. आईला जाऊन बारा वर्षे झाल्यावर, ७ ऑक्टोबर १९३० रोजी त्यांनी लिहावयास घेतले आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी हातावेगळे केले. मूळ गीतेचे सातशे श्लोक, यांचेही सातशे. चालही मूळ श्लोकांसारखी, म्हणजे पाठ करणाऱ्याला पाठ करता यावी. पुस्तकाला नाव दिले ‘गीताई’. गीता आणि आई हे दोन शब्द तेथे असे एकमेकांत मिसळले आहेत की कोणता कोठे संपतो ते सांगता येत नाही. जिने मागितली होती तिला ती वाचावयास मिळाली नाही. तिच्यासारख्या असंख्य बायकांना मात्र मिळाली.

‘गीताई’ १९३२ साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे दर रविवारी ते बंदिवानांपुढे गीतेवर मराठीत बोलत. अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने झाली आणि ती साने गुरुजींनी टिपून घेतली. ऐकणाऱ्यांत सर्व प्रकारची माणसे होती. म्हणून त्या प्रवचनांत जागोजागी शेत, बैल, आई, स्वयंपाक अशा ओळखीच्या गोष्टी भेटतात. वर्ध्याजवळ गोपुरी येथे गीताई मंदिर आहे. त्यात मूर्ती नाही आणि वर छप्परही नाही. ‘गीताई’चे श्लोक कोरलेल्या उभ्या शिळाच तेवढ्या आहेत. दर्शन घ्यावयाचे म्हणजे वाचावयाचे.

वर्ध्याने शाळेच्या भाषेचाही प्रश्न हाती घेतला. इंग्रजी राज्यात वरच्या वर्गांचे शिक्षण इंग्रजीतून होत असे. इतिहास, भूमिती, भूगोल हे विषय मुलांना परक्या भाषेतून शिकावे लागत. भूमितीचा सिद्धान्त समजण्याआधी त्याचे इंग्रजी समजावे लागे, आणि पुष्कळांचा दम तेथेच संपे. मग ते सिद्धान्त पाठ करीत. ‘फळीवर’ म्हणणाऱ्या मुलांची आणि त्यांची अवस्था एकच होती. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. वेगवेगळ्या प्रांतांचे शिक्षणमंत्री तिला आले होते. परिषदेने जे ठराव केले त्यांचा आशय असा : सर्व मुलांना सात वर्षे मोफत व सक्तीचे शिक्षण मिळावे, ते मातृभाषेतून मिळावे, एखाद्या हस्तोद्योगाभोवती ते गुंफलेले असावे, आणि त्या उद्योगातून शिक्षकांच्या वेतनाचा खर्च हळूहळू निघावा. योजना तयार करण्यासाठी जी समिती नेमली तिचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन हे पुढे १९६७ मध्ये भारताचे राष्ट्रपती झाले. सेवाग्रामला या पद्धतीची शाळा चालली. तेथे मुले टकळीवर सूत कातीत आणि त्या सुताची लांबी, वजन व किंमत यांवरून गणित शिकत. ‘नई तालीम’ हे तिचे नाव. यांतील चौथा ठराव, खर्च भागवण्याचा, पुढे फारसा टिकला नाही, आणि मुलांच्या श्रमांवर शाळा चालावी काय याबद्दल तेव्हाही मतभेद होते. दुसरा ठराव मात्र आज इतका स्वाभाविक वाटतो की त्यासाठी परिषद भरवावी लागली याचेच नवल वाटावे.

मातृभाषेची शाळा झाली म्हणजे सारे सोपे झाले, असेही नव्हे. शास्त्रांसाठी मराठी शब्द हवे होते. काही जुने सापडले, काही नवे घडवले गेले. वर्तमानपत्राच्या माथ्यावरचा ‘दिनांक’ आणि शहराचा ‘महापौर’ हे शब्द स्वातंत्र्यवीर सावरकरांनी रूढ केले. आज ते घडवलेले आहेत हेही कोणाला आठवत नाही. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि परिभाषेचे कोश निघू लागले. त्यांतील काही शब्द रुळले, काही कोशातच राहिले. ‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्द प्रथम ऐकताना मुलाच्या जिभेला अडखळा होतो. पण तो फोडला की आत प्रकाश सापडतो आणि ‘संश्लेषण’ म्हणजे जोडून नवे तयार करणे, हेही सापडते : प्रकाशाच्या साहाय्याने झाड आपले अन्न जुळवून तयार करते. फोडून दाखवणारे गुरुजी भेटले तर असा शब्द अवघड राहत नाही. न भेटले तर तो संस्कृतइतकाच आणि इंग्रजीइतकाच परका राहतो, जरी तो मराठीच्या पुस्तकात छापलेला असला तरी.

याहून अवघड एक गोष्ट आहे. रोहण्याकडचे मूल घरी ‘मी जाऊन राहिलो’ असे म्हणते. ‘का’ला ‘काहून’ म्हणते. ‘लोणी’ला ‘लोनी’ म्हणते. पुस्तकातले मराठी याहून निराळे आहे. वर्गात असे मूल उभे राहून काही सांगू लागले, आणि बाकीची मुले हसली, तर ते पुढल्या वेळी उभे राहत नाही. त्याला उत्तर येत असते. भाषा आड येते. लेखनात प्रमाण भाषा शिकली पाहिजे, कारण नागपूरच्या, कोल्हापूरच्या आणि रत्नागिरीच्या मुलांनी एकमेकांचे लिहिलेले सहज वाचावे यासाठी काही एक रूप ठरवावेच लागते. पण ‘जाऊन राहिलो’ ही चूक नव्हे, ती दुसरी रीत आहे, हे हसणाऱ्यांना ठाऊक नसते. जुन्या मराठीचा थोर गद्यग्रंथ ज्या प्रदेशात लिहिला गेला, त्या प्रदेशाच्या बोलीला हसणे हे तर विशेषच अडाणीपणाचे आहे.

या बोलीला हजारोंच्या सभेत मानाने बसवले ते गाडगेबाबांनी. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावात १८७६ साली जन्मलेला हा संत शाळेत शिकला नव्हता. त्यांचे कीर्तन वऱ्हाडी बोलीत चाले. ते लोकांना प्रश्न विचारीत. लोक ओरडून उत्तर देत. त्या उत्तरातूनच पुढला प्रश्न निघे. कीर्तन आणि वर्ग यांतील भेद तेथे जवळजवळ नाहीसा होई. आणि देवाच्या नावाने जमलेल्या त्या लोकांना ते काय सांगत? घरातील भांडी विकावी लागली तरी विका, हातावर भाकरी घेऊन खा, पण मुलांना शाळेत घाला. तुकडोजी महाराज त्यांच्यानंतरचे. त्यांचेही शालेय शिक्षण बेताचेच झाले होते. मोझरीला त्यांनी गुरुकुंज आश्रम उभारला, खंजिरीवर भजने म्हटली आणि १९५५ साली खेड्यातील माणसासाठी ‘ग्रामगीता’ लिहिली. धर्मग्रंथाच्या ओवीछंदात त्यांनी गावची सफाई, शेती, आरोग्य, शिक्षण असे विषय मांडले. त्यांची सामुदायिक प्रार्थना विदर्भातील गावोगाव संध्याकाळी चालते.

आज अमरावतीच्या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे नाव आहे. नागपूरचे विद्यापीठ १९२३ साली स्थापन झाले. त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे, आणि वर्धा जिल्हा त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. त्यामुळे रोहण्याची एखादी मुलगी तेथील स्नातक झाली, म्हणजे तिच्या पदवीपत्रावर, शुद्ध छापील भाषेत, खंजिरी घेऊन गावोगाव फिरलेल्या संताचे नाव असते. ते पत्र घेऊन ती घरी येते आणि दारातूनच ओरडते, ‘वो माय, पास झाली ना मी!’ आई हात पुसत बाहेर येते, कागद उलटसुलट करून पाहते, आणि वाचण्याच्या आधी तो देवापुढे नेऊन ठेवते.